चाक कुणामुळे सुटलं

८ मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक आहे, आणि गुडघ्याचं रडगाणं तुला पाठ असल्यामुळे ते वगळतो.

सोबत आमच्या मोटार साप्ताहिकाचा कालचा अंक पाठवतो आहे. पान सात उघड. वर माझा जुना फोटो आहे, शर्यतीच्या गाडीतला, पिवळा गळपट्टा वाऱ्यावर उडतोय तो. खाली सही 'तुफान'. गाडी पळवणं सोडून इतकी वर्षं झाली तरी लोक मला याच नावाने ओळखतात, हे पाहून संपादकांनी मला दर आठवड्याला एक अख्खं पान देऊन टाकलं आहे. पहिल्या चार लेखांवर एवढी पत्रं आली की पोस्टमन माझ्याशी तुटक बोलायला लागला आहे. भर शर्यतीत रस्ता चुकून मी मंडईत शिरलो आणि खरबूज घेऊनच परतलो, ती हकिगत एका सलूनवाल्याने कापून आरशाशेजारी चिकटवली आहे. तू नाक मुरडशील. खरबूज नव्हतं, हे मलाही ठाऊक आहे. पण नुसताच रस्ता चुकलो असं लिहिलं तर वाचणार कोण?

या वेळी मी आपली ती मोठी शर्यत घेतली आहे, एकोणतीस वर्षांपूर्वीची. दोन फेऱ्या उरल्या होत्या, मी अर्धा मिनिट पुढे. चाक बदलायला थांबलो, निघालो. पुढच्या फेरीला आपल्या माणसांसमोरून गेलो तर मिस्त्री आनंदाने दोन्ही हात हलवत उभा, मीही गळपट्टा हलवला. आणि शेवटच्या वळणावर मागचं उजवं चाक मला सोडून पुढे निघून गेलं! मी गवताच्या गंजीत, आणि चाक एकटंच घरंगळत शेवटची रेघ ओलांडून गेलं. संपादक हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले.

मिस्त्रीबद्दल एकच वाक्य आहे. त्या दिवशी माझ्या मिस्त्रीचा हात सैल पडला आणि त्याबरोबर माझं नशीबही, असं. वाचायला छान लागतं. जावईबापूंना, म्हणजे तुझ्या नवऱ्याला, त्याच मिस्त्रीला, वाचून दाखव. हसेल.

लोभ कमी करू नकोस, वाढवलास तर माझी हरकत नाही.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. साष्टांग अशासाठी की उभं राहून लिहिलं असतं तर हातून काय लिहिलं गेलं असतं सांगवत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस.

तुझा लेख मला वाचून दाखवावा लागला नाही. शनिवारी सकाळीच गॅरेजात तीन गिऱ्हाइकं तो अंक हातात घेऊन हजर होती. एकाने तर गाडी ताब्यात घेताना चारही चाकांना लाथ मारून पाहिली आणि वर डोळा मारला. हे हसले नाहीत. रागावलेही नाहीत. अंक घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि कामाला लागले.

तेव्हापासून घरात जे जे म्हणून पिळता येतं ते ते ह्यांनी घट्ट पिळून ठेवलं आहे. नळ उघडायला मला दोन हात लागतात. बरण्यांची झाकणं उघडतच नाहीत. माझ्या चष्म्याचे बारीक स्क्रूसुद्धा ह्यांच्या तावडीतून सुटले नाहीत, आता चष्मा मिटत नाही, मी तो उघडाच उशाशी ठेवते. तुला हसू येत असेल. मलाही पहिले दोन दिवस येत होतं.

आता जे लिहिते ते नीट वाच. मोटार क्लब नव्या मिस्त्रींसाठी शाळा काढतो आहे. मुख्य शिक्षक म्हणून ह्यांचं नाव जवळजवळ पक्कं होतं. आठ महिने हे वहीत धडे लिहीत आहेत, शेजारी स्वतःच्या हाताने चित्रं काढून. एका चित्रात पान्हा कसा धरायचा ते दाखवलं आहे आणि त्यातला अंगठा इतका सुंदर आलाय की मी मुद्दाम दोनदा पाहिला. आयुष्यात ह्यांनी स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिली गोष्ट. काल क्लबचे चिटणीस येऊन बसले, चहा प्यायले, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले की कमिटी जरा फेरविचार करते आहे, चाक सैल सोडणारा माणूस मुलांना काय शिकवणार असं काही सभासद म्हणतात. तीस तारखेला सोमवारी बैठक आहे.

तुझ्या एका छान वाक्यापायी. शिवाय त्या दिवशी पाऊस पडत होता असं लिहिलं आहेस. लख्ख ऊन होतं. तिथे बसून माझ्या नाकाची सालं निघाली होती.

दुरुस्ती छाप. लोभ शिल्लक आहे, पण जपून वापर.

तुझी,
ठमी

१४ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद नेहमीचेच, तू घेशील तेवढे.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. घरमालकीणबाईंनी दोनदा विचारलं की स्वयंपाक बिघडला का. शाळेचं मला काही ठाऊक नव्हतं, खरंच सांगतो. तू कधी कळवलं नाहीस आणि तो तर महिन्यातून चार शब्द बोलतो, त्यातले तीन गाडीशी.

पण ठमे, दुरुस्ती कसली छापू? चाक सुटलं हे खरं. मी गंजीतून बाहेर आलो तेव्हा, अंगभर गवत, तो स्वतः सगळ्यांदेखत म्हणाला की माझ्याकडून राहिलं. त्यावर मी एक शब्द तरी बोललो का? उलट सहा महिन्यांनी माझी सख्खी बहीण त्याला दिली. यापेक्षा मोठी क्षमा कोणती असते?

आणि आमची पद्धत तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. इंजिनाच्या आवाजात बोललेलं काही ऐकू येत नाही. त्यामुळे चाक बसवून झालं की मिस्त्रीने गाडीच्या पाठीवर दोन थापा मारायच्या. एक नाही, तीन नाही, दोन. दोन थापा म्हणजे निघ. त्या दिवशी मला दोन थापा स्पष्ट ऐकू आल्या, पाठीत जाणवल्या. मी निघालो. काम झालं नव्हतं तर त्याने थापा मारल्याच कशाला? त्यालाच विचार.

हवं तर पुढच्या लेखात त्याच्या हातांची तोंडभर स्तुती करतो. संपादक म्हणतात की चूक कबूल करणारा ड्रायव्हर कोणी वाचत नाही. तरी तुझ्याकडे नवीन काही असेल तर कळव.

राग ओसरला की लोभ पूर्ववत कर.

तुझा,
दादा

१८ मार्च

ती. दादास,

नमस्कार. आधी बस. पाण्याचा पेला जवळ ठेव.

तुझं पत्र मी गॅरेजामागच्या पायरीवर बसून वाचलं आणि दोन थापांपाशी आल्यावर ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ही थापांची भानगड मला आजवर कोणी सांगितली नव्हती. आठवतंय ना, वेळ टिपायला मी त्या एकाच दिवशी आले होते, तुझ्या नेहमीच्या माणसाला गालगुंड झालं म्हणून? माझ्या हातात दोन स्टॉपवॉच दिली, वही दिली, आणि कशाला हात लावू नकोस म्हणालास. आणि लग्न झाल्यापासून बघते आहे, हे गिऱ्हाइकाच्या गाडीवर कधी थाप मारत नाहीत. पुढे येतात, खिडकीशी उभे राहतात आणि झालं म्हणून तोंडाने सांगतात. मला वाटायचं, काय अदब आहे माणसाला.

दादा, तू केसांना ते सुवासिक तेल थापायचास. अर्धी बाटली. तू येऊन थांबलास तेव्हा त्या वासाला भुलून एक गांधीलमाशी आली. तुझ्या डोक्याभोवती फिरली आणि मग गाडीच्या पाठीवर, तुझ्या मानेमागे, येऊन बसली. हे पलीकडे गुडघ्यावर बसून चाकाचा मोठा नट आवळत होते. मला वाटलं आता ही माशी दादाच्या कॉलरमध्ये शिरणार आणि हा वळणावर मरणार. मी वही बगलेत मारली आणि हाताने फटका दिला. तो हुकला, म्हणून आणखी एक दिला.

आणि तू निघालास.

मला त्याचं काहीच वाटलं नाही. मला वाटलं, वेळ झाली म्हणून निघाला. मी माशी मेली का ते बघत होते. पुढचं तू लिहिलंच आहेस. तुझं ते चाक रेघ ओलांडून गेलं तेव्हा मी सवयीने त्याचीही वेळ टिपली, वहीत अजून आहे.

ह्यांना विचारलं. म्हणाले, माझ्याकडून राहिलं, आणि फाटकाला तेल घालायला गेले. मी माशीचं बोललेच नाही. बोलवेना. दादा, एकोणतीस वर्षं मी या माणसाच्या मागे फिरते आहे. कुलूप नीट लागलं ना, गॅस नीट बंद झाला ना, तुमचा काय भरवसा. चार माणसांत हसत हसत सांगते, आमच्याकडे सगळं दोनदा तपासावं लागतं बरं का. आणि हे मान खाली घालून हसतात. मला स्वतःची लाज वाटते.

सगळं छाप. माझ्या नावानिशी छाप. लोक हसले तर हसू देत, ह्यांची शाळा जाता कामा नये.

लोभ ठेव असं लिहिण्याचं तोंड आज मला नाही.

ठमी

२१ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद, आशीर्वाद आणि आणखी आशीर्वाद!

इतका हसलो की खालच्या शिंप्याने छताला काठी मारली. मग का कोण जाणे रडू आलं, आणि मग पुन्हा माशी आठवली. हुकला म्हणून आणखी एक दिला! ठमे, मी गेली सगळी वर्षं खरबुजं शोधतो आहे आणि तू अख्खी गांधीलमाशी घरात दाबून बसली होतीस.

लेख लिहून झाला. एका बैठकीत. संपादक म्हणाले की हे आमच्या साप्ताहिकातलं सगळ्यात चांगलं पान होणार. अठ्ठावीसच्या अंकात येतो, म्हणजे कमिटीच्या बैठकीआधी दोन दिवस. माशी जराशी मोठी केली आहे. जराशी म्हणजे चिमणीएवढी. तू एका हाताने छत्री परजते आहेस असं चित्रही काढून घेतलं आहे. छत्री नव्हती हे ठाऊक आहे.

पण लिहिता लिहिता एका जागी अडलो. दोन थापा ऐकल्यावरही आरशात बघायचा नियम होता. मी आरशात पाहिलं होतं, हे मला स्वच्छ आठवतं. मागे गुडघ्यावर बसलेला मिस्त्री दिसायला हवा होता. तो दिसला नाही, कारण आरसा मी माझ्या केसांवर वळवून ठेवला होता. आणि पुढच्या फेरीला तो दोन्ही हात हलवत होता ना? आनंदाने कोणी तसे हात हलवत नाही. तो थांब म्हणत होता. मी गळपट्टा हलवला.

हे लेखात घातलेलं नाही. माशीपुढे फिकं पडलं असतं.

लोभ आता माझाच वाढला आहे.

तुझा,
दादा

२४ मार्च

ती. दादांस,

सा. न. मला पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं पत्र तिने टेबलावर उघडं ठेवलं होतं. मी वाचलं. आजवर तिचं पत्र वाचलं नव्हतं, आजच वाचलं.

माशीचा लेख छापू नका.

मला तेव्हाच माहीत होतं. मी चाकापाशी होतो, समोर ती. तिने दोन फटके मारले ते मी पाहिलं. नट अजून दोन वेढे आवळायचा राहिला होता. मी ओरडलो पण तुम्ही गेलात. नंतर हात केला तर तुम्ही गळपट्टा हलवलात. ते जाऊ द्या.

माझ्याकडून राहिलं असं मी म्हणालो त्याचं कारण सांगतो. तुम्ही तेव्हा फार तापट होता. तिला तिथल्या तिथे घरी पाठवलं असतंत आणि पुन्हा गॅरेजाकडे फिरकू दिलं नसतंत. मला तिला काही विचारायचं होतं. आठवडाभर मी ते मनात जुळवत होतो. आणि ती तुमच्या गंजीकडे धावली, रडत, दोन्ही स्टॉपवॉच गळ्यात तशीच चालू. ते पाहिल्यावर तिचं नाव घेणं मला जमलंच नसतं.

शिवाय खोटंही बोललो नाही. नटावर हात माझा होता. हात असेपर्यंत गाडी मिस्त्रीची.

शाळा मला हवी आहे. फार हवी आहे. पण गल्लीत कोणी तिला माशी म्हणून हाक मारली तर त्या शाळेत माझं लक्ष लागणार नाही. तिला यातलं काही कळवू नका.

गुडघ्याला ऊन पाण्याने शेका. इथला तुमच्यावरचा लोभ आहे तसाच आहे, तो आवळायची गरज पडली नाही.

तुमचा,
मिस्त्री

२७ मार्च

मिस्त्रीस,

आशीर्वाद द्यायला मला लाज वाटते, तेव्हा या वेळी नमस्कारच घे.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं आणि पान संध्याकाळी छापायला जाणार होतं. या गुडघ्याने मी छापखान्यापर्यंत धावलो. वाटेत एका सायकलवाल्याने ओळखलं आणि तुफान आले म्हणून ओरडला. आयुष्यात प्रथमच ते नाव अंगाला टोचलं.

पान यंत्रावर चढलं होतं. मी ते उतरवायला लावलं. संपादकांनी डोक्याला हात लावला, माशीचं चित्र छातीशी धरून दोन मिनिटं उभे राहिले. मोकळ्या जागेत काय घालू म्हणून ओरडले. मी तिथेच उभ्या उभ्या, कागदाच्या रिमांवर कागद ठेवून, अकरा ओळी लिहिल्या. मिस्त्रीचं काम संपायच्या आत मी निघालो. आरशात त्याला बघायचं सोडून स्वतःचे केस बघत होतो. तो थांब म्हणत होता आणि मी गळपट्टा हलवला. चाक माझ्यामुळे सुटलं आणि दोष मी त्याच्या माथी मारला. शेवटी खरबूजही खोटं होतं असं लिहून टाकलं, एकदा सुरुवात झालीच होती म्हणून. तुझ्या बायकोचा उल्लेख नाही.

संपादक म्हणाले, पाऊसही नव्हता का? मी नव्हता म्हणालो. आता ते माझ्याशी बोलत नाहीत. सदर राहील की जाईल ते पुढच्या आठवड्यात कळेल, आणि गेलं तरी मला वाईट वाटणार नाही असं म्हणणार होतो, पण खोटं लिहायचं सोडलं आहे.

तू गप्प राहिलास. मी एकोणतीस वर्षं बोलत राहिलो. मला क्षमा कर.

लोभ ठेव. मागायचा हक्क नाही, तरी मागतो.

दादा

३१ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार, आणि या खेपेला मनापासून.

तुम्ही दोघांनी मला अंधारात ठेवलंत, हे काल ह्यांच्याकडून कळलं, त्याचा समाचार भेटीत घेईन. शनिवारचा अंक उघडला तर माशी गायब, अकरा ओळी, आणि तू एकटा आरोपी! मला वाटलं तुझ्या संपादकाने माशी कापली. म्हणून काल मी न बोलावता क्लबात गेले, शर्यतीची ती जुनी वही घेऊन. लांबलचक टेबल, सात माणसं, आणि कोपऱ्यात हे, इस्त्रीच्या सदऱ्यात, हात मांडीवर ठेवून. मला पाहून ह्यांचा रंगच उडाला.

चिटणीस तुझ्या अकरा ओळी मोठ्याने वाचून खाली बसतच होते. मी उठले आणि म्हटलं की माझा भाऊ खोटं बोलतो आहे, त्याची ती जुनी सवय आहे, चाक माझ्यामुळे सुटलं. आणि माशी सांगितली. टेबलावर दोन फटके मारून दाखवले, पहिला हुकलेला. लगेच हे उभे राहिले, माशी ऐकून जराही चकित न होता, आणि तेव्हाच मी ओळखलं की ह्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. म्हणाले की दोघंही भावनेच्या भरात आहेत, नटावर हात माझा होता, लिहून घ्या.

चिटणिसांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं की नक्की कोणाचं नाव लिहू. मग आम्ही दोघं तिथेच भांडलो, दादा. लग्नानंतर चारचौघांत पहिल्यांदा. सातही माणसं रुमाल तोंडाला लावून बसली होती. अध्यक्ष म्हणजे तुझ्यापेक्षाही म्हातारे, त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले की गाड्यांच्या धंद्यात पन्नास वर्षं काढली, दर शर्यतीनंतर दोष दुसऱ्याचा असंच ऐकत आलो. एका नटासाठी तीन माणसं भांडताना आज पाहिली. असं भांडायला शिकवणारा मास्तर मिळत असेल तर मला दुसरा नको. कोणी विरोध केला नाही. झाले हे मुख्य शिक्षक.

बाहेर आल्यावर मी रस्त्यातच थांबले आणि विचारलं की एवढी वर्षं का सांगितलं नाहीत. ह्यांनी आधी माझ्या हातातली वही घेतली. मग म्हणाले की तुला रडताना एकदा पाहिलं होतं, तेवढं पुरे झालं होतं. दादा, मी तिथेच फुटपाथवर दुसऱ्यांदा रडले. ह्यांना वाटलं चुकलंच सांगून.

आता तुझं काम. येत्या सोमवारी सकाळी नऊला पहिला तास आहे. धडा पहिला, गाडी कधी सोडायची. गाडीत बसायला ह्यांना असा ड्रायव्हर हवा आहे जो मिस्त्रीचं काम संपायच्या आत निघतो. कमिटीने चांगले चांगले तिघं सुचवले. ह्यांनी तिघांनाही नको म्हटलं. म्हणाले, हे तिघं नुसता अभिनय करतील, आणि वीस मुलांनी पहिल्याच दिवशी काही खोटं बघितलेलं मला नको. माझ्या गाडीत माझाच ड्रायव्हर बसेल.

असं ते म्हणाले दादा, माझाच. मी तुला शब्दाशब्दाने कळवते आहे.

रविवारीच ये. लोभ इथे दोघांचाही आहे, येऊन घेऊन जा.

तुझी,
ठमी